सुगंध: नित्य कीं नैमित्तिक?

हल्लीं एखाद्या सुशिक्षित गृहस्थाच्या घरीं गेलें असतां पाहुण्याचें पहिलें स्वागत यजमान करीत नाहींत. तें भिंतीवरील प्लगमध्यें बसविलेली एक चिमुकली बाटली करते. दिवाणखान्यांत 'लॅव्हेंडर', स्नानगृहांत 'लिंबू', मोटारींत 'समुद्राची झुळूक', धुतलेल्या कपड्यांना 'वसंत ऋतु' आणि देव्हाऱ्यापुढें 'चंदन' नांवाची उदबत्ती, असे पांच निरनिराळे वास एकाच घरांत एकमेकांशीं भांडत असतात. यांतील चंदनाचा चंदनाशीं आणि लिंबाचा लिंबाशीं कितपत संबंध आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. विचारला जातो तो दुसराच, आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून तो वारंवार डोकावतो: हे कृत्रिम सुगंध प्रकृतीस अपायकारक आहेत काय, आणि असल्यास त्यांच्या जागीं घरच्या घरीं नैसर्गिक असें काय वापरावें?

प्रश्नाच्या या मांडणीबद्दलच आमची थोडी तक्रार आहे. कृत्रिम तें वाईट आणि नैसर्गिक तें चांगलें, अशी वांटणी त्यांत आधींच गृहीत धरलेली असते. वांटणी करावयाचीच तर आपल्या घरांना पिढ्यान् पिढ्या परिचित असलेली दुसरीच एक करावी, असें आम्हांस वाटतें. ती म्हणजे नित्य आणि नैमित्तिक.

जुन्या घरांत सुगंध हा नैमित्तिक होता. हळदीकुंकवाला अत्तरदाणींतील काडीनें हाताच्या पाठीवर अत्तराचा एक ठिपका लावला जाई आणि गुलाबदाणींतून दोन थेंब अंगावर पडत. (ते अंगापेक्षां डोळ्यांतच अधिक पडत, ही गोष्ट वेगळी.) दिवाळींत गव्हला, कचोरा, नागरमोथा, आंबेहळद घातलेलें उटणें; चैत्रांत दवणा; गणपतींत केवडा; उन्हाळ्यांत माठाच्या पाण्यांत वाळ्याची जुडी आणि वेणींत मोगरा. प्रत्येक सुगंधाला तिथि होती, ऋतु होता आणि मुख्य म्हणजे शेवट होता. आज रात्रीं माळलेला गजरा उद्यां सकाळीं कोमेजलेला असे. प्लगमधील बाटली महिनाभर, दिवसरात्र, घरांत कोणी असो वा नसो, वास सोडीतच राहते. नाकाचा धर्म तर असा कीं, सतत येणारा वास तें थोड्याच वेळांत विसरून जातें. मग घरच्या माणसांस तो 'कमी झाला' असें वाटतें, बाटलीचा कांटा पुढें सरकविला जातो, आणि पाहुणा दारांतच शिंकूं लागतो.

आपल्या पूर्वजांना सुगंधाचें वावडें होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि सोळा द्रव्यांतून चार चार द्रव्यें निवडण्याचे १८२० प्रकार होतात, हें गणितही त्यांत दिलें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं गेल्या शतकांत गंगाधराचा 'गंधसार' आणि मराठी टीकेसह असलेला 'गंधवाद' हे ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेस आणले. ज्या समाजांत या विषयावर मराठींत टीका लिहिण्याइतकी आवड होती, त्यास सुगंधाची गोडी शिकविण्याची गरज नाहीं.

कारखान्यांतील सुगंधाचा इतिहास मात्र दीडशें वर्षांच्याच आसपासचा आहे. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १८६८ सालीं कूमरिन हें द्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें. ताज्या कापलेल्या गवताला जो गोडसर वास येतो तो याचा. १८७४ सालीं जर्मनींत व्हॅनिलिन तयार झालें. १८८८ सालीं आल्बर्ट बाउर हा स्फोटक द्रव्यांवर काम करीत असतां त्याच्या एका द्रव्यास कस्तुरीसारखा वास येऊं लागला, आणि कृत्रिम कस्तुरीचा जन्म झाला. यापूर्वीं खऱ्या कस्तुरीसाठीं हिमालयांतील मृगाचा जीव जात असे. त्या मुक्या प्राण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर कारखान्यानें येथें पुण्यच जोडलें. व्हॅनिलिनचीही गोष्ट अशीच; तें शेंगेंतून काढलेलें असो वा कारखान्यांत केलेलें असो, त्याचा रेणु एकच. म्हणून 'कृत्रिम' या शब्दानेंच दचकणाऱ्यांशीं आमचें जमत नाहीं.

परंतु त्याच कृत्रिम कस्तुरीची पुढची हकीकतही सांगितली पाहिजे. त्या कुळांतील द्रव्यें शरीरांतील चरबींत सांठून राहतात, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस तीं मातेच्या दुधांत आढळलीं. त्यांपैकीं मस्क अँब्रेट हें प्राण्यांच्या मज्जातंतूंस अपाय करतें व उन्हांत त्वचेवर चट्टे उठवितें, असें दिसून आल्यावर युरोपांत तें प्रसाधनांतून हद्दपार झालें. लिलिअल नांवाचें द्रव्य कितीतरी साबणांत व शांपूंत पांढऱ्या फुलांचा वास आणण्यासाठीं घालीत असत. प्रजननशक्तीस घातक ठरल्यामुळें १ मार्च २०२२ पासून युरोपीय संघानें प्रसाधनांतील त्याचा वापर बंद केला. म्हणजे अनेक वर्षें वापर प्रथम झाला आणि परीक्षा मागाहून झाली.

येथें खरी अडचण वेष्टनावरील एका शब्दाची आहे. 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' एवढाच शब्द छापला कीं त्याच्या पोटांत डझनावारी द्रव्यें लपूं शकतात, आणि व्यापारी गुपित म्हणून तीं सांगितलीं जात नाहींत. घरांतील सून स्वयंपाकांत काय घालते हें सासूबाईंना कळलेंच पाहिजे. पण त्याच घरांतील तान्ह्या मुलाच्या दुपट्याला काय लावलें आहे, हें कोणालाच ठाऊक नसतें! युरोपांत २००५ सालापासून अशा २६ द्रव्यांचीं नांवें वेष्टनावर स्वतंत्रपणें छापण्याची सक्ति झाली, आणि २०२३ सालच्या नियमानें ती संख्या ऐंशींहून पुढें नेण्यांत आली. वाचकांनीं ध्यानांत घ्यावें असें यांत एक आहे: या २६ नांवांत लिनॅलूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, युजेनॉल अशीं नांवें आहेत, आणि तीं लॅव्हेंडर, संत्र्याची साल, गुलाब व लवंग यांच्या तेलांत निसर्गतःच असतात. लिनॅलूल व लिमोनीन हवेच्या संपर्कानें जसजशीं जुनीं होतात तसतशीं त्वचेस अधिक झोंबतात. म्हणजे वर्षभर कपाटांत राहिलेली 'शुद्ध नैसर्गिक' तेलाची बाटली नव्या बाटलीपेक्षां अधिक उपद्रवी.

लिमोनीन बंद खोलींत आणखी एक उद्योग करतें. बाहेरच्या हवेंतून आंत येणाऱ्या ओझोन वायूशीं त्याचा संयोग झाला कीं फॉर्माल्डिहाइड व अतिसूक्ष्म कण तयार होतात. आणि फॉर्माल्डिहाइड हें कर्करोगास कारण होणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गांत मोडतें. लिंबाच्या वासानें खोली 'ताजी' होते ती अशी.

आतां अपायाचें प्रमाण. दम्याच्या रोग्यास उग्र सुगंधानें धाप लागते, अर्धशिशी असणाऱ्यास कळ उठते, कित्येकांस नाक चोंदणें, डोळे चुरचुरणें, कांखेंत किंवा मानेवर इसब होणें असे त्रास होतात. एवढें निर्विवाद आहे. सुगंध टिकविण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या थॅलेट द्रव्यांचा अंतःस्रावी ग्रंथींवर काय परिणाम होतो, याविषयीं शास्त्रज्ञांत वाद चालू आहे, आणि तेथें ठाम विधान करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींपासून आम्ही थोडें दूरच राहतों. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें, म्हणजे सीडीसीनें, मात्र वादाचा निकाल लागण्याची वाट न पाहतां २००९ सालीं आपल्या कचेऱ्यांतून सुगंधी फवारे व तत्सम वस्तु हद्दपार केल्या. ज्यांचा धंदाच रोगांशीं झुंजण्याचा, त्यांनीं स्वतःच्या हवेविषयीं घेतलेला हा निर्णय बोलका आहे.

मग नैसर्गिक पर्याय? येथें आम्हांस कांहीं अप्रिय बोलावें लागणार आहे, आणि तें देव्हाऱ्यापाशींच सुरू होतें. उदबत्ती म्हणजे बांबूची काडी, कोळशाची पूड, लाकडाचा भुसा, चिकटपणासाठीं जिगट, आणि वर सुगंध. तो सुगंध अस्सल चंदनाचा असला तरी जळतें तें लाकूडच. एक ग्रॅम उदबत्ती जळतांना सुमारें ४५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेंत जातात. सिगारेटच्या बाबतींत हाच आंकडा सुमारें १० आहे. सिंगापूरमध्यें सुमारें ६१,००० चिनी रहिवाशांचा अनेक वर्षें पाठपुरावा करून २००८ सालीं जें अनुमान प्रसिद्ध झालें तें असें कीं, घरांत दीर्घकाळ धूप जाळणाऱ्यांत नाक-घशाकडील मार्गाच्या कांहीं कर्करोगांचें प्रमाण अधिक होतें.

यावर घरांतील वडील मंडळी म्हणतील, "आमच्या आजोबांच्या वेळीं दोन वेळां धूप होत असे, ते नव्वद वर्षें जगले." आम्ही तें खोटें म्हणत नाहीं. परंतु आजोबांचा देव्हारा वाड्यांत होता. माजघराला चौक होता, चौकाला आकाश होतें, आणि कौलांच्या फटींतून धूर आपला आपण निघून जाई. आजचा देव्हारा स्वयंपाकघरांतील ओट्याच्या कोपऱ्यांत, खिडकीला सरकती कांच, आणि शेजारच्या खोलींत वातानुकूलन चालू म्हणून दार लावलेलें. काडी तीच, पण ती जेथें जळते ती जागा बदलली. धूप हा षोडशोपचारांतील एक उपचार खराच. पण जो उपचार उपलब्ध नसेल त्याच्या जागीं अक्षता वाहण्याची सोय आपल्या पूजाविधींत पूर्वींपासून आहे, हें कोणत्याही भटजींस विचारावें. घरांत दमेकरी असेल तेथें नित्याच्या पूजेंत धूपार्थ अक्षता वाहाव्या, तुपाचें निरांजन व ताजीं फुलें ठेवावीं, आणि उदबत्ती सणावारीं, खिडकी उघडून, एकच लावावी. यांत देवाचें कांहीं उणें होत नाहीं असें आमचें मत आहे.

कापराबद्दल तर गैरसमजच फार. बाजारांत मिळणारा बहुतेक कापूर झाडाचा नसून टर्पेंटाइनपासून कारखान्यांत केलेला असतो. तरीही २०२१ च्या एप्रिलांत, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरांत असतां, कापूर, लवंग व ओवा यांची पुरचुंडी हुंगल्यानें रक्तांतील प्राणवायु वाढतो, अशी अफवा घरोघर फिरत होती, आणि चांगलीं पदवीधर माणसेंही गळ्यांत पुरचुंडी बांधून बसलीं होतीं. प्राणवायु तिनें वाढत नाहीं. नाकाला गार वाटतें एवढेंच. उलट लहान मुलानें कापराची वडी गिळली तर कांहीं मिनिटांतच झटके येऊं शकतात. म्हणून देव्हाऱ्यांतील कापराची डबी रांगत्या मुलाच्या हातापासून दूर, उंच फळीवर असावी. निलगिरीच्या तेलाचीही तीच कथा. डांबराच्या गोळ्यांचें त्याहून वाईट: ज्या बालकांच्या रक्तांत जी-सिक्स-पी-डी हें विकर जन्मतः कमी असतें, त्यांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांत नुसतें गुंडाळल्यानेंही रक्तकण फुटून कावीळ होऊं शकते. बाळाच्या जन्मापूर्वीं जुनीं दुपटीं ट्रंकेंतून काढून थेट वापरण्याची आपली रीत आहे. तीं आधीं धुवून दोन दिवस उन्हांत घालावीं.

आणि 'नैसर्गिक सुगंधचिकित्सा' असें लिहिलेल्या बाटलींवर फार विसंबूं नये. २०२१ सालीं अमेरिकेंत चार निरनिराळ्या राज्यांतील चौघांना मेलिऑइडोसिस हा मातींतील जंतूंचा दुर्मीळ रोग झाला. त्यांतील दोघे दगावले, आणि त्यांत एक बालक होतें. शोधाअंतीं तो जंतु सांपडला लॅव्हेंडर व कॅमोमाइलच्या वासाच्या एका फवाऱ्यांत. ती बाटली भारतांत बनलेली होती.

या महिन्यांत नाशिकहून एका भगिनींचें जें पत्र आलें आहे, त्याचा विचार येथेंच करणें योग्य होईल. त्या बाळंतपणासाठीं सासरींच आहेत. रोज न्हाणें झाल्यावर बाळाला व त्यांना शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा व लोबान टाकून धुरी दिली जाते. पंधरा दिवसांच्या बाळाला धुरीनंतर ठसका लागतो. डॉक्टरांनीं धुरी बंद करण्यास सांगितलें, सासूबाई म्हणतात, "या घरांत चार पिढ्या धुरीवर वाढल्या." कोणाचें ऐकावें?

डॉक्टरांचें ऐकावें. नवजात बालक मिनिटाला चाळीस ते साठ वेळां श्वास घेतें, आपण बारा ते वीस वेळां. त्याच्या श्वासनलिका आपल्याहून कितीतरी अरुंद असतात. त्याच खोलींतील त्याच धुराचा त्याच्या वजनाच्या मानानें वांटा आपल्याहून मोठा पडतो. शिवाय बंद खोलींत निखाऱ्यांची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाहीं, रंग नाहीं, आणि आई व बाळ दोघेंही झोपलेलीं असतात.

परंतु भगिनींस आमचें एवढेंच सांगणें नाहीं. सासूबाईंची धुरी कशासाठीं होती, हें पाहावें. पावसाळ्यांत न वाळणारीं लंगोटीं, ओले केंस, अंधारी बाळंतिणीची खोली, आणि थंडी बाधेल ही धास्ती. त्या सर्वांवर ऊब आणि कोरडेपणा हा त्यांचा उपाय होता. तो हेतु आजही शंभर टक्के बरोबर आहे. तेव्हां बाळाचे कपडे उन्हांत वाळवून इस्त्री करून घ्यावे, आंघोळीनंतर त्यास चटकन पुसून उबदार गुंडाळावें, बाळंतिणीचे केंस कोरड्या पंचानें खसखसून पुसावे, तिला रबरी पिशवींत गरम पाणी घालून शेक द्यावा, आणि शोपा तिनें जेवणानंतर चावून खाव्या. मालीश तर सासूबाईंच्या हातचीच हवी. असें सगळें त्यांच्याच देखरेखीखालीं चाललें तर धुरी बंद झाल्याचें त्यांना अपमानासारखें वाटणार नाहीं, अशी आमची अटकळ आहे. डॉक्टरांचा कागद पुढें करण्यापेक्षां हें अधिक उपयोगी पडेल. वेखंडाची पूड मात्र बाळाच्या टाळूला व घुटींत नको. वेखंडांतील एका द्रव्यामुळें उंदरांत कर्करोग झाल्याचें आढळल्यावर अमेरिकेनें १९६८ सालीं तें खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी केली. तोच वेखंड पुस्तकांच्या कपाटांत ठेवावा. तेथें तो कसरीवर चांगला.

आतां मूळ गोष्टीकडे येऊं. दुर्गंध हा घराचा निरोप्या आहे. त्याच्यावर लॅव्हेंडर शिंपडणें म्हणजे पत्र न वाचतां पाकिटाला अत्तर लावण्यासारखें आहे. स्नानगृहांतून गटाराचा वास येतो तेव्हां बहुधा जाळीखालील नहाणी ट्रॅपमधील पाणी आटलेलें असतें. तें पाणीच गटाराचा वायु अडवून धरतें. पाहुण्यांसाठीं राखलेल्या, क्वचित वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरांत आठवड्यांतून एकदां तांब्याभर पाणी ओतलें कीं वास जातो, आणि सुगंधी वडीचे पैसे वांचतात. कपाटाला कुबट वास येत असेल तर भिंतींत ओल आहे. बुरशी खरवडून, भिंत वाळवून, कपाट चार बोटें पुढें ओढावें. शीतपेटींत खाण्याच्या सोड्याची उघडी वाटी ठेवावी. गालिचावर तोच सोडा रात्रीं भुरभुरून सकाळीं झाडावा. स्वयंपाकाच्या गॅसला तर स्वतःचा वास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यांत इथिल मर्कॅप्टन हें दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें. ज्या स्वयंपाकघरांत चोवीस तास कृत्रिम मोगरा दरवळतो, तेथें ती गळती नाकाला कळण्यास उशीर लागला तर नवल काय?

साबण, कपडे धुण्याची पूड व फरशी पुसण्याचें द्रव घेतांना 'सुगंधरहित' असें स्पष्ट लिहिलेलें पाहावें. 'वासरहित' लिहिलेल्या वस्तूंत कधीं कधीं मूळ वास झांकण्यासाठीं दुसरा सुगंध घातलेला असतो. एकत्र कुटुंबांत ही निवड ज्याच्या आवडीनें होते त्याच्या आवडीनें होऊं नये. घरांत ज्याचा श्वास सर्वांत नाजूक आहे, मग ते दमेकरी आजोबा असोत, अर्धशिशीची सून असो वा पाळण्यांतील मूल असो, त्याचें मत प्रथम विचारावें. फुलांच्या बाबतींतही हाच नियम. खिडकीखालच्या रातराणीनें कित्येकांचें डोकें चढतें, आणि तेथें ती निसर्गाची देणगी आहे हा युक्तिवाद फुकाचा.

ज्यांना कांहींच बाधत नाहीं त्यांनीं सुगंधाला पूर्णपणें मुकावें, असें आम्ही म्हणत नाहीं. संध्याकाळीं गवती चहा व आलें घालून चहा उकळला कीं अर्धें घर दरवळतें, आणि तो वास पांच मिनिटांत आपण होऊन जातो. वाळ्याची जुडी माठांत ठेवतांना आधीं स्वच्छ धुवावी व दोन-तीन दिवसांनीं उन्हांत वाळवून घ्यावी, नाहीं तर ती बुळबुळीत होते. कपड्यांत ठेवण्यास बकुळीसारखें फूल नाहीं. तें वाळलें तरी त्याचा वास राहतो. सकाळीं झाडाखालीं पडलेलीं फुलें वेंचून, सावलींत कागदावर चार दिवस पसरून, पूर्ण कोरडीं झाल्यावर पातळ मलमलीच्या पिशवींत भरावीं. जरीच्या पातळाला मात्र तीं थेट लागूं देऊं नयेत. कडुनिंबाचा पालाही असाच वाळवूनच ठेवावा, कारण ओलसर पाल्यानें रेशमावर डाग पडतात.

रेशमी वस्त्रांना लागणारी कसर आणि पुस्तकांतील वाळवी यांविषयीं बऱ्याच वाचकांनीं विचारलें आहे. त्याचा विचार पुढील अंकीं करूं.